पॅडल अजून मऊ आहे

रविवार उजाडला की सिस्टर गाडीत बसायची, आणि गाडी कुठेही जायची नाही.

जाणार कशी? पुढची दोन्ही चाकं काढून शेडच्या भिंतीला टेकवलेली, गाडीचं नाक लाकडी ठोकळ्यांवर, आणि त्या नाकाखाली पाठीवर आडवा झालेला तिचा नवरा. त्याला सगळे मिस्त्री म्हणत. ट्रकच्या गॅरेजात हेडमिस्त्री होता तो, आणि हाताला असं यश की लांबलांबचे ट्रकवाले त्यालाच विचारत यायचे. तर हा मिस्त्री खालून म्हणायचा, "दाब." सिस्टरनं ब्रेकचं पॅडल दाबायचं. "धर." धरून ठेवायचं. मग तो एक छोटा स्क्रू पान्यानं जरासा सैल करायचा, ब्रेकचं तेल नळीतून बाटलीत उतरायचं, स्क्रू पुन्हा आवळायचा. "सोड." सोडायचं. ब्रेकमध्ये अडकलेली हवा अशीच काढतात. एकानं वर बसायचं, एकानं खाली निजायचं, आणि वरच्यानं डोकं चालवायचं नाही, फक्त पाय.

ऊन शेडच्या दारात येईपर्यंत हे चालायचं. मग मिस्त्री बाहेर यायचा, हात पुसायचा, स्वतः पॅडल दाबून बघायचा आणि मान हलवायचा.

"मऊ आहे अजून. असल्या ब्रेकवर मी तुला घाटात पाठवणार नाही."

झालं. मग पुढचा रविवार.

आता हे सगळं सुरू कसं झालं तेही सांगतो. गाडी सिस्टरच्या वडिलांची. जुनी, जड, दाराचा आवाज पत्र्याच्या पेटीसारखा, आणि चारही चाकांना ड्रमचे ब्रेक, फार तापले की लागेनासे होणारे. त्या काळी तसेच असायचे. वडिलांनी तिला याच गाडीवर शिकवलं आणि लग्नात गाडीच देऊन टाकली. ती घेऊन सिस्टर रोज घाट उतरून खालच्या दवाखान्यात नोकरीला जायची. एक दिवस उतारावर विटांच्या ट्रकमागे अडकली. ब्रेक दाबत दाबत उतरावं लागलं, ड्रम तापले आणि अर्ध्या घाटात पॅडल सरळ तळाला गेलं. दुसरी कुणी असती तर तिनं डोळेच मिटले असते. हिनं दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक ओढला आणि कडेच्या वाळूच्या ढिगात गाडी घातली. एक दिवा फुटला, बास. घरी येऊन तिनं हसत हसत सांगितलं. मिस्त्री हसला नाही. जेवलाही नाही. दुसऱ्या दिवशी गाडी ठोकळ्यांवर चढली.

"पुढे डिस्क बसवतो," तो म्हणाला. "नव्या गाडीचे असतात तसे. मग बिनधास्त जा."

तेव्हा तिला केवढा आनंद झाला होता. नवरा असावा तर असा, असं तिनं स्वतः माहेरी फोन करून सांगितलं. भंगारातून त्यानं नंतरच्या मॉडेलची जोडी शोधून आणली. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती आणि ती चकती दोन्ही बाजूंनी पकडणारा जबडा, त्याला कॅलिपर म्हणतात. कॅलिपर घासून पुसून, काळा रंग मारून, तारेला टांगून त्यानं वाळवले. नव्या नळ्या आणल्या. काम म्हणाल तर दृष्ट लागावी असं. फक्त पॅडल तेवढं कडक होईना. कधी म्हणे वरचा सिलिंडर खराब, तो बदलला. कधी म्हणे तेल भेसळीचं, तेही बदललं. कधी नळीच फुगते म्हणे. बाटलीत बुडबुडा म्हणून येत नव्हता, म्हणजे हवा तर सगळी गेलेली, आणि पाय ठेवला की उशीवर ठेवल्यासारखं पॅडल खाली.

तिकडे दवाखान्यात तिची रजा संपली, मग बिनपगारी रजा संपली. घाटातून बस होती, नाही कशाला म्हणा. ती सकाळी दवाखाना भरल्यावर निघायची आणि संध्याकाळी दवाखाना सुटायच्या आत परत फिरायची. तिच्या भरवशावर नोकरी करायची म्हणजे चहाला जाऊन यायचं. मिस्त्रीची गॅरेजची वेळही नेमकी दवाखान्याचीच, त्यामुळे तो सोडणार कसा? तेव्हा सिस्टर घरी. घरी तिला सूनबाई म्हणत आणि शेजारीण वहिनी म्हणायची. सिस्टर म्हणून हाक मारणारी माणसं सगळी घाटाखाली राहिली. आपण मात्र तिला सिस्टरच म्हणायचं.

आणि तक्रार करायची तर कुणाविरुद्ध? शेजारीण कुंपणावर कोपर टेकून म्हणायची, "नशीब काढलंत वहिनी. आमच्याकडे गॅसची शेगडी सहा महिने गळतेय, आमचा माणूस ढुंकून बघत नाही. आणि तुमचे बघा, सुट्टीच्या दिवशी सुद्धा तुमच्या गाडीखाली." सिस्टर हसून मान डोलवायची. घरात आली की तिला वाटायचं, भिंतीवर डोकं आपटावं. दारुडा असता, मारकुटा असता, तर चार लोकांना सांगता तरी आलं असतं. हा माणूस तिच्या जिवाला जपत होता. त्या जपण्यात तिचा श्वास कोंडत होता, आणि हे ज्याला सांगावं तो तिलाच वेड्यात काढणार.

सासरे होते घरात. आयुष्यभर बस चालवलेला माणूस. आता गुडघे गेलेले, साखरेचा त्रास, त्यामुळे दिवसभर शेडच्या दारात खुर्ची टाकून बसायचे. रोजचं इंजेक्शन सूनबाईच द्यायची. हात इतका हलका की सुई टोचलेली कळायची नाही, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. ब्रेकबद्दल मात्र चकार शब्द नाही. रविवारी दाब-धर-सोड सुरू झालं की खुर्ची वळवून रस्त्याकडे तोंड करून बसायचे.

मग डॉक्टरीणबाईंचा फोन आला.

"किती थांबू गं मी? सोमवारी एक मुलगी येतेय, तिला ठेवून घेतेय. त्या सकाळी तू दारात दिसलीस तर तिला परत पाठवीन. नाही दिसलीस तर मला बोल लावायचा नाही."

सिस्टरनं रात्री जेवताना सांगितलं. मिस्त्रीनं घास चावून गिळला.

"रविवारी बघू परत एकदा," तो म्हणाला. "नाही झालं तर नाही झालं. तुला काही कमी पडतंय का इथे? नोकऱ्या काय, छप्पन मिळतात."

"मला ही पाहिजे."

"अगं, पण ब्रेक लागत नाहीत त्याला मी काय करू? तुझ्या हट्टापायी तुला मरायला पाठवू?"

बोलला तो प्रेमानंच. तिचा हात हातात घेऊन बोलला. सिस्टरला तो हात सोडवून घेता येईना. आता या घरातून आपण काही बाहेर पडत नाही असं तिला स्वच्छ दिसलं.

शनिवारी मिस्त्री गॅरेजला गेला होता. सासरे शेडच्या दारात, सिस्टर त्यांना गोळ्या द्यायला आली. म्हाताऱ्याच्या बोटांतून गोळी सुटली आणि घरंगळत गेली ती थेट गाडीखाली. सिस्टर वाकली, मग गुडघ्यावर बसली, मग जमिनीला गाल लावून हात घातला. इतक्या महिन्यांत ती या बाजूला कधी आलीच नव्हती. तिची जागा वर, सीटवर. खाली आलेलं मिस्त्रीला चालायचं नाही, कपडे खराब होतील म्हणायचा.

गोळी सापडली. नाकासमोर कॅलिपर होता, काळाभोर, चकचकीत. आणि त्याच्या तळाशी, जमिनीकडे तोंड करून, तो हवा काढायचा स्क्रू.

ती बघतच राहिली. रोज सकाळी ती काय करायची? सिरिंजमध्ये औषध भरायचं, सुई वर करायची, टिचकी मारायची. हवा वर चढते, वरून निघून जाते. सुई खाली धरून कुणी हवा काढत नाही. काढायला गेलं तर औषध सांडेल आणि बुडबुडा वरच बसेल. हे कळायला नर्सिंगचं पहिलं वर्षही नको.

ती उठून पलीकडच्या चाकापाशी गेली. तिथेही स्क्रू खालीच. डावा कॅलिपर उजवीकडे, उजवा डावीकडे. भोकं दोन्हीकडे सारखीच, त्यामुळे बसतात बिचारे, काही अडत नाही. फक्त स्क्रू खाली येतो आणि हवा वरच्या कोपऱ्यात आरामात राहते. जन्मभर दाब-धर-सोड केलं तरी बाटलीत नुसतं तेल येणार.

"बाबा," ती म्हणाली, "हे उलटे बसलेत ना?"

सासऱ्यांनी खुर्ची रस्त्याकडे वळवायला घेतली. सिस्टरनं खुर्चीची पाठ धरली.

"मी चालवणारा माणूस," ते म्हणाले. "मला त्यातलं काय कळतंय?"

"बाबा."

तिनं गोळी म्हाताऱ्याच्या हातात ठेवली. गोळीला लागलेली माती त्यानं नखानं काढली.

"पहिल्या रविवारीच बघितलं मी," ते म्हणाले. "रंग वाळवताना अदलाबदल झाली असेल. होते चूक, मिस्त्री झाला तरी माणूसच. संध्याकाळी मी त्याला दाखवलं. पार पांढरा पडला. पाना घेतला, बसला खाली, पहिला बोल्ट सैल केला. मग थांबला. पुन्हा आवळला. म्हणाला, बाबा, राहू द्या थोडे दिवस. तिला बोलू नका."

"आणि तुम्ही बोलला नाहीत."

"नाही बोललो." त्यांनी नाक पुसलं. "खोटं कशाला सांगू पोरी. तू घरात होतीस. वेळेवर जेवण, वेळेवर सुई, बोलायला कुणीतरी. मला पण बरं वाटत होतं."

सिस्टरला रडू येईल असं तुम्हाला वाटेल. तिला राग आला. असा राग की कानशिलं तापली. सगळे रविवार तिला आठवले. पाय अवघडेपर्यंत दाबलेलं ते पॅडल, आणि खालून येणारा तो मायाळू आवाज, थकलीस का गं, पाणी पिऊन घे. लबाडी करायची तीही पाणी पाजून. आणि दारात खुर्ची टाकून हे साक्षीला.

"उठा," ती म्हणाली. "गाडीत बसा."

"मी?"

"गुडघे गेलेत तुमचे, पंजा नाही गेला. उठा."

म्हातारा उठला. तिनं खांद्याचा आधार देऊन त्याला सीटवर बसवलं आणि स्वतः पदर खोचून खाली शिरली. वडिलांच्या हाताखाली तिनं चाकं बदलली होती, तेल बदललं होतं, एवढाच काय तो अनुभव. पण सासऱ्यांना आता कंठ फुटला होता. बस बंद पडली की मिस्त्रीच्या डोक्याशी उभं राहून त्यांनी जे जे बघितलं होतं, ते सगळं ते वरून सांगू लागले. आधी नळीचा बोल्ट काढ, तांब्याचे वायसर हरवू नकोस, कॅलिपर लोंबकळत ठेवू नकोस, नळीत माती जाऊ देऊ नकोस. तिची बोटं सोलवटली. तेल कोपरापर्यंत ओघळलं. डावा डावीकडे गेला, उजवा उजवीकडे, आणि दोन्ही स्क्रू आभाळाकडे तोंड करून बसले.

मग पंचाईत झाली. खालून हुकूम द्यायचा तो सासऱ्यांना. 'दाब' कसं म्हणणार?

"दाबा," ती म्हणाली. "धरा हं. आता सोडा."

"जशी आज्ञा," वरून म्हातारा म्हणाला, आणि राग असूनही तिला हसू फुटलं.

नळीतून आधी तेल आलं, मग भसकन हवा. फेसच फेस. बाटलीत खदखदून बुडबुडे आले. ती तेल घालत गेली, म्हातारा दाबत गेला. दोन्ही बाजूंची हवा संपली तेव्हा वरून आवाज आला, "सूनबाई, दगड झालाय. दगड." सिस्टरनं डोकं बाहेर काढून बघितलं तर म्हातारा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून रस्त्याकडे बघत होता आणि त्याचे डोळे भरले होते.

मिस्त्री आला तेव्हा गाडी चार चाकांवर उभी होती. त्यानं डबा ओट्यावर ठेवला. दार उघडलं, वाकून हातानं पॅडल दाबलं. बोटभर खाली गेलं आणि थांबलं. तो तसाच वाकलेला राहिला.

"कोणी सांगितलं?"

"माझ्या कामात पण हवा काढतात," सिस्टर म्हणाली.

तो सीटच्या कडेवर बसला. बापाकडे त्यानं बघितलं नाही, बायकोकडेही नाही. बोलायला लागला तो स्वतःच्या हातांशी.

"तू हसत सांगितलंस. मी दुसऱ्या दिवशी जाऊन बघून आलो तो ढीग. त्याच्या पलीकडे कठडा सुद्धा नाही. दुपारी ट्रक भरून जाणार होती ती वाळू. आदल्या दिवशी गेली असती तर?" त्यानं तोंडावरून हात फिरवला. "चूक खरंच चुकून झाली. देवाशपथ. पण कळली तेव्हा वाटलं, असू दे. आज नको. पुढच्या रविवारी करू. मग प्रत्येक रविवारी तेच. तू सीटवर बसलेली असायचीस आणि मला खालून तुझा पाय दिसायचा. वाटायचं, आहे बाई इथेच आहे."

आणि मिस्त्री रडला. मोठा माणूस, ट्रकचं इंजिन उचलणारा, हमसून हमसून रडला. सिस्टरला त्याची दया आली. वाईट तेच झालं. राग होता तोवर ती मोकळी होती, आणि आता तिचा हात आपोआप त्याच्या डोक्याकडे निघाला होता. तिनं तो परत घेतला, पदराला पुसला.

"सोमवारी मी जाणार," ती म्हणाली. "मी काही मिस्त्री नाही. मी बसवलेलं सगळं तुम्ही तपासा. नवरा म्हणून नको, मिस्त्री म्हणून तपासा."

रविवारी त्यानं तपासलं. चाकं काढून एकेक बोल्ट बघितला. डावीकडचा एक तिच्या हातून जरा सैल राहिला होता, तो त्यानं तिला दाखवून आवळला. गल्लीत तिला शेजारी बसवून गाडी पळवली आणि ब्रेक मारला. गाडी जागच्या जागी थांबली, डोकं पुढच्या काचेला लागायचं राहिलं. कुंपणावरून शेजारीण म्हणाली, "झाली एकदाची? मानलं बुवा तुमच्या साहेबांना." संध्याकाळी हत्यारं आवरायला म्हणून मिस्त्री शेडमध्ये गेला आणि बराच वेळ आत होता. सिस्टर स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेडच्या दाराकडे बघत राहिली. भाजी करपली.

सोमवारी सकाळी ती निघाली. पांढरा गणवेश, केस बांधलेले, डबा शेजारी. मिस्त्रीनं फाटक उघडलं.

"सावकाश जा," तो म्हणाला. "ब्रेक उत्तम आहेत."

"हो."

गाव संपलं, चढ संपला, आणि घाट सुरू व्हायच्या जरा आधी सिस्टरनं गाडी कडेला घेतली. ब्रेक लोण्यासारखे लागले. तरी ती थांबली. इंजिन बंद केलं, डिकी उघडून पाना काढला, गणवेश गुडघ्यापर्यंत आवरून मातीत बसली. स्टिअरिंग वळवून ठेवलं होतं, त्यामुळे चाकामागे हात जात होता. डावीकडचे बोल्ट बघितले. उजवीकडचे बघितले. नळ्यांच्या जोडाला बोट लावून बघितलं, कोरडं होतं. सगळं घट्ट. पाना लावून सगळा जोर लावला तरी बोल्ट तसूभर हलेना, इतकं घट्ट, मिस्त्रीनंच आवळलेलं.

तेव्हा कुठे सिस्टर रडली. रस्त्याच्या कडेला, हातात पाना घेऊन, पोटातून रडली. माणूस खरं बोलला होता. त्यानं काम चोख केलं होतं. आणि ते खाली वाकून बघितल्याशिवाय तिला घाट उतरता येत नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी तिला दारात बघितलं आणि घड्याळाकडे बोट दाखवलं. आत बाकावर बसलेल्या एका म्हातारीनं हाक मारली, "आलात का सिस्टर?" तिनं हात धुतले. नखांतलं काळं काही निघालं नाही.

नोकरी टिकली. गाडीला त्या रस्त्यावर तोड नाही, कुणीही सांगेल. मिस्त्री दर रविवारी तिची गाडी धुतो, सासरे खुर्ची आता गाडीकडे तोंड करून टाकतात, घरात हसणंबोलणं चालतं. फक्त सिस्टर रोज घरातून जरा लवकर निघते. घाटाच्या तोंडाशी थांबते, उतरते, डावीकडचे बघते, उजवीकडचे बघते आणि मग खाली जाते. घरी हे तिनं कुणाला सांगितलेलं नाही. पाना परत डिकीत ठेवायचं ती कधीतरी विसरते, तो पुढच्या सीटवरच राहतो, आणि गाडी धुताना मिस्त्री त्याला तिथेच राहू देतो. आजूबाजूची सीट पुसून घेतो आणि विचारत नाही.